लकवा झालेल्या आईंना कारमध्ये बसवायचं कसं? बूड आधी, पाय नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ७१ वर्षांच्या. आठ महिन्यांपूर्वी उजव्या बाजूला लकवा मारला. चार पायांची काठी आणि एका माणसाचा आधार घेऊन घरात दहा-बारा पावलं चालतात, बोलणं अजून तुटक आहे. घर जुळे सोलापुरात, गाडी छोटी हॅचबॅक. आठवड्यातून दोनदा व्यायामासाठी न्यावं लागतं. मुलगा काखेत हात घालून उचलतो, सून ड्रायव्हरच्या बाजूने आत बसून हात धरून ओढते, उजवा पाय आधी आत ढकलला जातो, डोकं वरच्या चौकटीला आपटतं आणि आई दारातच अडकतात. आता मुलाचीच कंबर धरली आहे. आपली पद्धत चुकते आहे की गाडी, स्कॉर्पिओसारखी मोठी गाडी घ्यावी का, असं त्यांनी विचारलं आहे. शिवाय आईंना एकदा अक्कलकोटला जायचं आहे.

आधी गाडीचं सांगते, म्हणजे निदान पैसे तरी वाचतील. उंच गाडी घेऊ नका. मोठ्या गाडीत जागा भरपूर असते हे खरं, पण तिची सीट पाच फुटी बाईच्या जवळजवळ कमरेपर्यंत येते. तिथे पोचायला पायरीवर चढायला हवं, आणि चढण्यासाठी एका पायावर पूर्ण भार घेता यायला हवा. आईंना तेच जमत नाही. मग त्यांना खरोखरच उचलावं लागेल आणि आज धरलेली कंबर उद्या अंथरुणाला खिळेल. उलट फार खाली असलेली सेडानही कामाची नाही. तीत बसताना माणूस धपकन पडतो आणि उतरताना उठूच शकत नाही. गाडीकडे पाठ करून उभं राहिल्यावर सीटची कड गुडघ्याच्या बरीच वर आणि बुडाच्या थोडी खाली आली, की ती उंची बरोबर. आपल्याकडच्या बहुतेक आज्यांसाठी हे माप जमिनीपासून २१ ते २३ इंचांच्या आसपास निघतं. टेप घेऊन मोजा, शोरूममधल्या माणसाला विचारू नका. माझ्या ओळखीतल्या कितीतरी घरांनी वॅगनआरसारखी उभट गाडी निवडली आहे, ती याच कारणाने: सीट उंच आणि दाराची चौकटही उंच. पण तुमची आत्ताची गाडी चालेल. सीट खोल वाटत असेल तर दोन इंच जाडीचा कडक फोम कापून घ्या. सोफ्याची मऊ उशी नको, तिच्यात माणूस रुततो. फोमखाली रबरी जाळी टाका, म्हणजे तो सरकणार नाही. दोन इंचांहून जाड मात्र नको, कारण तेवढंच डोकं चौकटीजवळ जातं.

आता खरी अडचण. धडधाकट माणूस गाडीत कसा बसतो ते आठवा. एक पाय आत टाकतो, दुसऱ्या पायावर उभं राहून कंबरेत वाकतो, मान वाकवतो, आणि त्याच क्षणी अंग वळवून सीटवर टेकतो. सगळं इतकं सवयीचं असतं, की यात एका पायावर उभं राहून पिळवटायचं आहे हे लक्षातही येत नाही. तुम्ही आईंकडून नेमकं हेच करून घेताय, आणि तेही कमजोर पाय आधी आत टाकून. उजवा पाय आत गेला की शरीर तिरकं होतं, बूड बाहेर राहतं, डोकं चौकटीच्या रेषेत येतं. यात तुमची ताकद कमी पडत नाही. क्रम उलटा आहे. गाडीकडे पाठ करायची, खुर्चीवर बसतो तसं सीटच्या कडेवर बसायचं, डोकं आत घ्यायचं, आणि मग दोन्ही पाय उचलून समोर वळायचं. बूड आधी, पाय नंतर. हे मी घरोघरी इतक्यांदा सांगते की काही घरांतली नातवंडं मला बघितलं की तेच ओरडतात.

निम्मं काम गाडी उभी करतानाच होतं. बहुतेक जण माया दाखवून गाडी अगदी ओट्याला किंवा फूटपाथला चिकटवून लावतात, म्हणजे चालावं लागू नये. त्यामुळे दोन गोष्टी बिघडतात. दार पूर्ण उघडत नाही, आणि आई फूटपाथवर उभ्या राहिल्यामुळे तेवढ्या इंचांनी सीट खाली जाते. गाडी कडेपासून चार-पाच फूट लांब लावा, आईंना रस्त्याच्या सपाट भागावर उतरवून घ्या आणि तिथून बसवा. जुळे सोलापुरात घराच्या फाटकातून गटारीवरून रस्त्यावर यायला सिमेंटचा उतार केलेला असतो. गाडी त्या उतारावर असताना कधीही बसवू नका. नाक खाली असलेल्या गाडीचं दार आपोआप उघडतं, नाक वर असेल तर ते अंगावर येतं, आणि आईंच्या पायाखालची जमीनही तिरकी असते. गाडी खाली सपाटीवर घ्या, हँडब्रेक ओढा, मग बाकीचं. नवी पेठ किंवा टिळक चौकाकडच्या बोळांत राहणाऱ्यांना एवढी जागा मिळत नाही. त्यांनी आजोबांना खुर्चीवर बसवून बोळाच्या तोंडाशी आणावं आणि तिथे मोकळ्यात बसवावं. मागचा रिक्षावाला हॉर्न देणारच. त्याला एकदा हात दाखवा, तो थांबतो. सोलापूरचा माणूस बोलायला खरखरीत असला तरी म्हाताऱ्या माणसासाठी थांबतो.

बसायला पुढची डावी सीट. मागच्या सीटवर जास्त सुरक्षित वाटतं, पण मागचं दार अरुंद असतं, पुढच्या सीटची पाठ गुडघ्यांना आडवी येते आणि पाय वळवायला जागाच नसते. पुढची सीट पूर्ण मागे सरकवा, पाठ नेहमीपेक्षा थोडी कलती करा. पाठ कलती झाली की डोक्याला चौकटीपासून जागा मिळते आणि पाय उचलताना आईंना मागे रेलता येतं. बसवून झाल्यावर पाठ पुन्हा सरळ करायची, कारण खूप कलत्या सीटवर बेल्ट नीट काम करत नाही. दाराची काच पूर्ण खाली करा.

सीटवर काय आहे तेही बघा. आपल्या गावात घरात टॉवेल कमी पडत नाहीत, त्यामुळे सीटवर जाड टर्किश टॉवेल अंथरलेला असतो. बसायला छान, पण वळायला घातक. त्याचे टाके साडीला किंवा गाऊनला धरून ठेवतात आणि माणूस जागच्या जागी अडकतो. तो काढा. त्याऐवजी जाड प्लास्टिकची मोठी पिशवी, खताची किंवा साड्यांच्या दुकानातली, सपाट करून सीटवर टाका. तिच्यावर बूड सहज फिरतं. वळून झालं की ती ओढून काढायची, विसरायची नाही. प्लास्टिकवर बसलेला माणूस ब्रेक लागला की बेल्टखालून पुढे घसरतो. बाजारात फिरती गोल गादीही मिळते. सपाट सीटवर ती चालते, पण बहुतेक पुढच्या सीट मधे खोलगट असतात, त्यांत ती नीट फिरत नाही. आधी पिशवी वापरून बघा.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४४ अंशांवर जातो. उन्हात तासभर उभ्या गाडीतल्या रेक्झिनला आणि बेल्टच्या धातूच्या बकलला हात लावून बघा, म्हणजे मी का सांगते ते कळेल. लकव्याच्या बाजूला किंवा जुन्या मधुमेहात पायांना चटका कळत नाही. माणूस बसून राहतो आणि मांडीवर फोड आल्याचं रात्री कपडे बदलताना दिसतं. दारं उघडून पाच मिनिटं गरम हवा जाऊ द्या, एसी लावा, बकल स्वतःच्या हाताने तपासा, मग आईंना बाहेर आणा. उन्हात उभं करून गाडी थंड व्हायची वाट बघू नका.

आता प्रत्यक्ष बसवणं. आईंच्या पायांत मागून पट्टा असलेली सँडल किंवा बूट हवा. स्लिपर नको, ती दारात निसटते आणि सगळ्यांचं लक्ष तिच्यात जातं. नऊवारी असेल तर खालचा घोळ वर खोचून घ्या. कंबरेला रुंद, मजबूत पट्टा बांधा. दवाखान्यातला पट्टा मिळाला तर उत्तम, नाहीतर चांगल्या बकलचा जाड कापडी पट्टाही चालतो. साडीच्या नाडीला धरून उचलण्यापेक्षा तो हजार पटीने बरा. धरायचं ते या पट्ट्याला.

आईंना काठी घेऊन गाडीपर्यंत आणा, उघड्या दाराच्या आत. तिथे लहान लहान पावलांनी वळवून त्यांची पाठ सीटकडे करा. एका पायावर गिरकी घेऊ देऊ नका. दोन्ही पोटऱ्यांना किंवा मांड्यांच्या मागच्या बाजूला गाडीचा स्पर्श जाणवेपर्यंत मागे यायचं. 'लागलं का?' असं विचारा आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय पुढे जाऊ नका. बसताना पडणारी बहुतेक माणसं या एका पावलाच्या घाईने पडतात. गाडी अजून वीतभर लांब असते आणि माणूस खाली बसायला लागतो.

या स्थितीत आईंचा उजवा, कमजोर हात दाराच्या बाजूला येतो आणि डावा, चांगला हात सीटच्या पाठीच्या बाजूला. हे तुमच्या फायद्याचं आहे. काठी तुमच्याकडे घ्या आणि त्यांचा डावा हात मागे नेऊन सीटच्या पाठीच्या कडेवर किंवा गादीवर ठेवायला सांगा. दाराला धरू देऊ नका, दार हलतं. तुमच्या मानेला तर मुळीच नाही. आईंनी गळ्यात हात टाकला की त्यांचा सगळा भार तुमच्या मणक्यावर येतो आणि पडल्या तर दोघं पडता. तुम्ही त्यांच्या उजव्या अंगाला, दार आणि त्या यांच्या मधे, समोरासमोर उभे राहा. तुमचे दोन गुडघे त्यांच्या उजव्या गुडघ्याला दोन्ही बाजूंनी हलकेच टेकवा, कारण भार आला की तो गुडघा अचानक सोडतो. एक हात कमरेच्या पट्ट्याला, दुसरा त्यांच्या पाठीच्या फऱ्यावर.

मग त्यांना पुढे झुकायला सांगा. सगळ्यांना वाटतं, बसायचं म्हणजे मागे जायचं. मागे गेलं की माणूस धपकन पडतो. आईंचं नाक पायाच्या अंगठ्यांच्या रेषेपर्यंत पुढे आलं, की बूड आपोआप मागे आणि खाली जातं, आणि डोकं चौकटीच्या खालून आत जाण्याइतकं वाकलेलं राहतं. डोकं आपटायचं निम्मं कारण इथेच संपतं. उरलेल्या निम्म्यासाठी पाठीवरचा हात वर घेऊन तळवा चौकट आणि डोकं यांच्या मधे धरा. डोकं खाली दाबू नका. दाबलं की माणूस घाबरून उलट मान ताठ करतो.

सीटच्या कडेवर टेकल्या की थांबा. श्वास घेऊ द्या. डावा हात मागे टेकवून, एकेक कुल्ला मागे सरकवत आत जायचं. पाठ आत गेली, डोकं आत गेलं, की मगच पाय. या दारातून वळताना उजवा पाय आधी आत येतो आणि आईंचा तोच कमजोर आहे, म्हणून तो तुम्हाला उचलावा लागेल. एक हात टाचेखाली, दुसरा पोटरीखाली. पॅन्ट किंवा परकर धरून पाय ओढू नका. तुम्ही गुडघ्यांत वाका, कंबरेत नाही. पाय आत येतो तसतसं पिशवीवर बूड फिरत जातं, आणि डावा पाय त्या स्वतः आणतात. हळूहळू त्यांना हेही शिकवा: डाव्या पायाचा चवडा उजव्या घोट्याखाली अडकवून दोन्ही पाय एकदम उचलायचे. सगळ्यांना जमत नाही, पण ज्यांना जमतं त्यांना मुलाच्या हाताची गरज उरत नाही. तो आनंद बघण्यासारखा असतो.

काखेत हात घालणं आजपासून बंद. लकव्यात खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडतात आणि हाडाचा गोळा खोबणीतून खाली उतरायला लागतो. काखेतून उचललं किंवा त्या हाताला धरून ओढलं की खांदा दुखावतो. पुढे तो इतका दुखतो, की आई व्यायामालाच नाही म्हणतात. सूनबाई आतून हात ओढतात त्या बहुधा उजवाच हात ओढत असणार, कारण आत्ता तुम्ही तीच बाजू आधी आत घालताय. पोतं उचलल्यासारखं माणूस उचलायचं हे आपल्या डोक्यातून जात नाही. पण आईंचा डावा पाय आणि डावा हात शाबूत आहे. त्यांचा भार त्यांनीच उचलायचा, तुम्ही फक्त तो भार योग्य दिशेने जाईल एवढं बघायचं.

दुसऱ्या माणसाला काम द्यायचंच असेल तर सूनबाईंनी ड्रायव्हरच्या सीटवर गुडघे टेकून बसावं आणि तुम्ही 'तीन' म्हणालात की कमरेचा पट्टा मागच्या दिशेने, स्वतःकडे धरावा. बस. हुकूम एकाच माणसाने द्यायचा. घरातले चार जण चार बाजूंनी 'आई, पाय घ्या', 'आई, वाका', 'अहो, हळू' म्हणत असले की धडधाकट माणूसही गोंधळेल. आईंच्या मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली आहे. बोलण्याचं आणि बोललेलं समजण्याचं केंद्र बहुतेकांचं त्याच बाजूला असतं, म्हणून उजव्या लकव्यात शब्द हरवतात. त्यांना लांब वाक्यं देऊ नका. 'पुढे', 'बस', 'पाय', एवढंच, रोज तेच शब्द, त्याच क्रमाने, आणि सोबत हाताची खूण. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत मी 'ओकटि, रेंडु, मूडु' मोजते, कन्नड घरांत 'ओंदु, एरडु, मूरु'. माझे उच्चार ऐकून आज्या हसतात. पण आयुष्यभर मराठी बोललेल्या बाईलाही अशा आजारानंतर लहानपणीची भाषा आधी समजते असं मी बऱ्याचदा पाहिलं आहे. तुमच्या घरात माहेरची भाषा वेगळी असेल तर ती वापरून बघा.

बसल्यावर पिशवी काढा, सीटची पाठ सरळ करा, उजवा हात मांडीवर उशीवर ठेवा. तो खाली लोंबत राहिला तर गिअर-हँडब्रेकपाशी सापडतो, आणि सापडलेला त्यांना कळणारही नाही. बेल्टचा खालचा पट्टा पोटावर नाही, कंबरेच्या हाडावर बसला पाहिजे. बेल्ट न लावल्यास दंड होतो, पण आईंसाठी खरं कारण वेगळं आहे: ब्रेक लागला की त्यांना उजव्या हाताने स्वतःला सावरता येत नाही. उजवीकडे झुकत असतील तर मगाशी काढलेला टर्किश टॉवेल आता घ्या, घट्ट गुंडाळी करून उजव्या बरगडीशेजारी लावा. लघवीची नळी असेल तर पिशवी मांडीवर ठेवू नका, ती ओटीपोटाच्या खाली लटकली पाहिजे. नळी दारात किंवा बेल्टखाली दबली नाही ना, तेही बघा.

उतरणं हे चढण्याच्या उलट, पण त्यात एक गोष्ट वेगळी आहे. आईंचा चांगला डावा पाय आधी बाहेर येतो, त्यामुळे तुम्हाला उतरवणं सोपं वाटेल आणि तिथेच घाई होईल. सीट मागे, काठी हाताशी, दोन्ही पाय बाहेर, बूड कडेपर्यंत पुढे, दोन्ही तळवे जमिनीवर सपाट. आणि मग मिनिटभर नुसतं बसायचं. बराच वेळ बसून एकदम उठलं की रक्तदाब खाली येतो, त्यात बीपीच्या गोळ्या चालू असतात, आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. दवाखान्याच्या पोर्चमध्ये मागे गाडी येते, वॉचमन शिट्टी मारतो, आणि लोक हा मिनिट वाचवतात. वाजू द्या शिट्टी. उठताना पुन्हा तेच: पाय थोडे मागे, नाक पुढे, डाव्या हाताने सीट दाबून. काठीला धरून वर ओढायचं नाही. काठी उभं राहिल्यानंतर हातात येते.

व्हीलचेअरवरून बसवत असाल तर खुर्ची गाडीच्या तोंडाच्याच दिशेने, सीटला थोडी तिरकी लावा. दोन्ही ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या वर घ्या किंवा काढा, खुर्चीचा गाडीकडचा हात निघत असेल तर काढा. पायाच्या पट्ट्यांवर उभं राहायचा प्रयत्न केला की खुर्ची पुढे उलटते. एवढंच लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी डावा लकवा असेल तर चित्र बदलतं. तिथे चांगला उजवा हात पुढच्या बाजूला येतो. त्याने डॅशबोर्डची कड धरता येते, उजवा पाय स्वतः आत जातो, आणि डावा पाय शेवटी उचलावा लागतो. मदतनीस मागच्या दाराच्या बाजूला, म्हणजे पेशंटच्या डाव्या अंगाला उभा राहतो. अशा माणसांना बसवणं सोपं आणि उतरवणं अवघड जातं.

खुब्याचा सांधा बदललेल्यांसाठी नियम कडक आहेत. पहिले काही आठवडे मांडी आणि धड यांच्यातला कोन ९० अंशांपेक्षा लहान होऊ द्यायचा नाही, म्हणजे गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. खोल सीट त्यांच्यासाठी खरोखर धोक्याची आहे, फोम घालाच. सीटची पाठ जास्त कलती, ऑपरेशनचा पाय पुढे लांब ठेवून बसायचं, आणि मी वर सांगितलं ते पुढे झुकणं त्यांनी करायचं नाही. पायावर पाय नको. ऑपरेशन पुढून केलं की मागून, यावर काही बंधनं बदलतात, म्हणून सर्जनने जे सांगितलं असेल ते माझ्यावरचं. गुडघा बदललेल्यांना एवढा त्रास नसतो. सीट पूर्ण मागे आणि सरकत सरकत आत, झालं.

पार्किन्सनची माणसं दारापाशी येऊन जमिनीला खिळल्यासारखी थांबतात. ओढलं की आणखी घट्ट होतात. त्यांच्या पायापुढे काठी आडवी ठेवा आणि ओलांडायला सांगा, किंवा तालात मोजा, पाऊल सुटतं. बाहेर जायची वेळ गोळीचा असर चांगला असेल तेव्हाची ठेवा. कमरेखाली ताकद नाही पण हात मजबूत आहेत अशा तरुणांसाठी लाकडी फळी उत्तम. चांगल्या प्लायवूडची, साधारण ३० इंच लांब, ८-९ इंच रुंद, वर गुळगुळीत सनमायका, दोन्ही टोकं तासलेली. कुठलाही सुतार करून देईल. एक टोक बुडाखाली, दुसरं सीटवर, आणि हातांवर उचलून थोडं थोडं सरकायचं. उघड्या अंगाने तिच्यावर घसटत जायचं नाही, कातडी सोलते आणि जखम भरायला महिने लागतात.

रिक्षाबद्दल लोक नेहमी विचारतात, कारण सगळ्यांकडे गाडी नसते. रिक्षात बूड आधी हा नियम चालत नाही, आधी वर चढावंच लागतं. तिथे जिन्याचा नियम लावा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. घराचा ओटा कमी उंचीचा असेल तर रिक्षा त्याला चिकटवून घ्या. कारच्या बरोबर उलट. पण आईंसारख्या पेशंटला सध्या रिक्षा नको.

ज्यांना दोन माणसांच्या आधारानेही उभं राहता येत नाही, बसवलं तर मान आणि धड तोलता येत नाही, त्यांना कारमध्ये कोंबू नका. ठरलेल्या तपासणीसाठी स्ट्रेचरची खासगी गाडी सांगा. नवा झटका, छातीत दुखणं, बेशुद्धी अशा वेळी १०८.

पहिल्यांदा हे सगळं घरात, चार पायांच्या भक्कम खुर्चीवर करून बघा. खुर्ची भिंतीला टेकवा, शेजारी एक स्टूल ठेवा, तो दार समजा. आईंना क्रम पाठ होऊ द्या. मग बंद गाडीत, कुठेही न जाता, एकदा बसवून उतरवा.

राहिलं अक्कलकोट. तासाभराचा रस्ता आहे, आई करू शकतील. गुरुवार आणि पौर्णिमा टाळा, गर्दीत गाडीचं दार पूर्ण उघडायला जागा मिळत नाही. सकाळी लवकर निघा. निघण्याआधी लघवीला नेऊन आणा, पाणी मात्र तोडू नका. लोक तेच करतात आणि उन्हात चक्कर येते. अर्ध्या तासाने, वळसंगच्या आसपास, गाडी थांबवून बूड जरा हलवायला सांगा. उतरवायची गरज नाही, डाव्या-उजव्या कुल्ल्यावर भार बदलला तरी पुरे. व्हीलचेअर डिकीत मावते का ते आदल्या दिवशी बघा. बऱ्याच छोट्या गाड्यांत गॅसच्या टाकीमुळे ती मावत नाही आणि हे निघताना कळतं. आणि सूनबाईंना सोबत न्याच. जाताना तुम्ही एकट्याने बसवाल, पण दर्शन करून दुपारी परत येताना आईंचा चांगला पायही थकलेला असतो. त्या वेळी पट्टा धरायला दुसरा माणूस लागतो.